आतल्याने तक्रार केली तरच चौकशी? खुलासा

जळगाव-धुळ्यात तुरुंगाचा किंवा बालगृहाचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "आतल्याने तक्रार दिली तरच कोणीतरी बघतं. बाहेरच्याचं काय काम?" वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे.

मानवी हक्क संरक्षण कायदा 1993 चा आहे. त्यातल्या कलम 12 नुसार मानवी हक्क आयोग स्वतःहूनही चौकशी सुरू करू शकतो आणि पीडिताच्या वतीने कोणीही अर्ज करू शकतं. तुरुंग, सुधारगृह, उपचारगृह अशा राज्य सरकारच्या ताब्यातल्या संस्थांना आयोग भेट देऊ शकतो. पूर्वी सरकारला आगाऊ कळवावं लागे, 2006 च्या दुरुस्तीने ती अट गेली. बरंच झालं म्हणायचं. साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी भिंतींना चुना लागतो, वरणात डाळ दिसू लागते आणि पोरांना "सगळं छान आहे" पाठ करून घेतलं जातं. खरं चित्र न कळवता गेल्यावरच दिसतं, तेही कर्मचाऱ्यांना खोलीबाहेर थांबवून मुलांशी बोललं तर.

बालगृहांसाठी 2015 च्या बाल न्याय कायद्यात वेगळी तपासणी समिती आहे. दर तीन महिन्यांतून निदान एक भेट, किमान तीन सदस्य, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी.

आयोग फक्त शिफारस करतो, ती सरकारवर बंधनकारक नाही, ही दुबळी बाजू आहेच. आणि घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही, तेव्हा अर्ज लवकर टाका.