जुन्या खिडकीला आतून दुसरी काच: नाशिकच्या घरात नक्की काय फरक पडतो

खिडकीतून थंडी येते, गाड्यांचा आवाज येतो, म्हणून लोक सगळ्यात आधी काय करतात तर काच जाड करायला जातात. चार मिमीची काढून सहाची टाका, नाहीतर सरळ आठची टाका. खिडक्या बनवणारा फॅब्रिकेटर नाही कशाला म्हणेल. पण थंडीच्या बाबतीत तरी ते पैसे जवळजवळ पाण्यात जातात, आणि का जातात हे एकदा समजलं की जुन्या खिडकीचं काय करायचं ते निम्मं तिथेच ठरतं.

थोडा हिशोब करू, शाळेतल्या बेरजेएवढाच आहे. कुठलीही वस्तू उष्णतेला किती अडवते त्याला एक आकडा असतो. ४ मिमी काचेचा तो आकडा आहे ०.००४. आता काचेच्या दोन्ही बाजूंना हवेचा एक पातळ थर चिकटल्यासारखा बसलेला असतो, तो फारसा हलत नाही, त्यामुळे तोही उष्णता अडवतो. आतल्या बाजूचा थर ०.१३, बाहेरचा ०.०४, कारण बाहेर वारा असतो आणि तो थर सतत पुसून नेतो. एकूण झालं ०.१७४. यात काचेचा वाटा बघा, अडीच टक्केसुद्धा नाही! काच दुप्पट जाड केली तर बेरीज ०.१७८ होणार, म्हणजे फरक काहीच नाही. काच फक्त वारा अडवते, उष्णता अडवण्याचं काम हवाच करत असते.

मग हवाच वाढवायची. जुनी खिडकी आहे तशी राहू द्यायची आणि आतल्या बाजूने, थोडं अंतर सोडून, दुसरी एक काच फ्रेमसकट बसवायची. याला सेकंडरी ग्लेझिंग म्हणतात. मधे १६-२० मिमी किंवा जास्त हवा कोंडली गेली की तिचा आकडा साधारण ०.१८ येतो, म्हणजे बेरीज थेट दुपटीच्या आसपास जाते आणि खिडकीतून जाणारी उष्णता निम्मी होते. कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये यू-व्हॅल्यू म्हणून जे लिहिलेलं असतं ते याच बेरजेचं उलटं, एका काचेला ५.७ च्या आसपास आणि दोन काचांना २.८ च्या आसपास.

ही पद्धत जास्त वापरली जाते ती इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये, कारण तिथे वारसा यादीतल्या इमारतींच्या मूळ खिडक्या सहसा काढू देत नाहीत, मग काय करणार, आतून दुसरी बसवा. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने अशा जुन्या लाकडी खिडक्यांवर मोजमापं घेतली तेव्हा आतून बसवलेल्या जादा काचेने उष्णतेची गळती ६० टक्क्यांच्या आसपास कमी झाली. पण मला त्यातला दुसरा निकाल जास्त आवडला. नुसत्या लाकडी झडपा रात्री बंद केल्या तरी गळती साधारण निम्म्याने कमी झाली होती. म्हणजे नाशिकच्या तिवंध्यातल्या किंवा पंचवटीतल्या वाड्याला ज्या सागवानी झडपा आहेत, ज्या आपण "जुनाट दिसतात" म्हणून काढून तिथे ॲल्युमिनियमचं स्लायडिंग बसवतो, त्या थंडीच्या रात्री एकेरी काचेच्या स्लायडिंगपेक्षा कितीतरी बऱ्या असतात. काढायच्या आधी दहादा विचार करा एवढंच सांगेन.

आता कोणी म्हणेल नाशिकला एवढी थंडी कुठे असते. असते की! डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. शहरातही पारा दहाच्या खाली जातो, आणि आपल्याकडे हीटर वगैरे भानगड नसल्याने घराला जी काही ऊब असते ती माणसांची, स्वयंपाकाची आणि दिवसभर तापलेल्या भिंतींची, ती रात्रभर टिकवायची असते. समजा बाहेर ९ अंश आणि खोलीत २०. एका काचेच्या खिडकीत आतला पृष्ठभाग जेमतेम १२ अंशांवर असतो, दुसरी काच लावली की तोच १६ वर येतो. हे चार अंश थर्मामीटर न बघता कळतात कारण आपलं अंग समोरच्या थंड पृष्ठभागाकडे सतत उष्णता फेकत असतं, खिडकीजवळच्या पलंगावर झोपणाऱ्यालाच जास्त थंडी वाजते त्याचं कारण हे, दरवेळी फट असतेच असं नाही. शिवाय खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांच्या काचेवर पाणी सुटायला लागतं. तेच पाणी खाली ओघळून चौकटीचं खालचं लाकूड कुजवतं.

तरी खरं सांगायचं तर फक्त थंडीसाठी हा खर्च मी कुणाला सुचवणार नाही, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, एक जाड गोधडी पुरते. नाशिकमध्ये याचा खरा उपयोग आवाजासाठी आहे. मुंबई-आग्रा हायवे शहराच्या मधून जातो, द्वारका चौकाच्या आसपास राहणाऱ्यांना रात्री दोन वाजता ट्रकचा हॉर्न आणि एअर ब्रेकचा फुस्स आवाज नवीन नाही. कायद्याने, म्हणजे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नियम नियमाच्या जागी आहे, ट्रक ट्रकच्या जागी.

आवाजाचं गणित उष्णतेपेक्षा वेगळं आहे आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. उष्णतेला २० मिमी अंतर पुरतं, त्याहून वाढवून फारसा फायदा नाही कारण मग मधली हवा स्वतःच गोल गोल फिरायला लागते आणि उष्णता इकडून तिकडे पोचवते. आवाजाला मात्र अंतर जितकं जास्त तितकं चांगलं, निदान १०० मिमी, जमलं तर १५०. दोन काचा आणि मधली कोंडलेली हवा मिळून एक स्प्रिंगचं यंत्र तयार होतं, हवा ही स्प्रिंग आणि काचा ही तिच्या दोन टोकांची वजनं. त्या यंत्राचा स्वतःचा एक सूर असतो आणि त्या सुराचा आवाज आला की दोन्ही काचा मिळून तो अडवायच्या ऐवजी आत सोडतात. ४ आणि ६ मिमीच्या काचा आणि मधे फक्त १२ मिमी अंतर, म्हणजे फॅक्टरीतून सील होऊन येणारं डबल ग्लेझिंगचं युनिट, त्याचा हा सूर येतो साधारण २२० हर्ट्झला. गाड्यांच्या घरघरीत हा भाग भरपूर असतो. त्याच दोन काचा १०० मिमी लांब ठेवल्या की तो सूर उतरतो ७७ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या बराच वर गेलं की मग अडवणूक झपाट्याने वाढते. म्हणून महागडं डबल ग्लेझिंग लावूनही "ट्रक ऐकू येतोच" अशी तक्रार करणारे लोक भेटतात. त्यांना फसवलं असेलच असं नाही, त्यांनी थंडीची खिडकी आवाजासाठी घेतली.

दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या का, तर प्रत्येक काचेची एक कच्ची जागा असते. ४ मिमीची ३००० हर्ट्झच्या जवळ, ६ मिमीची २००० च्या जवळ, तिथे ती काच आवाजाला नीट अडवत नाही. दोन्ही सारख्या घेतल्या तर दोघींची कच्ची जागा एकच, आणि तिथून आवाज सरळ आत. वेगळ्या घेतल्या की एक जिथे कमी पडते तिथे दुसरी सांभाळून घेते.

आणि हो, ढोल. गणपतीतल्या मिरवणुकीचा ताशा या खिडकीने चांगला अडेल, झांजाही अडतील, पण ढोलाचा घुमणारा भाग आणि डीजेचा बेस त्या ७७ हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो, तिथे काच काही करू शकत नाही. तो भिंतीतून, स्लॅबमधून, छातीतून येणारच. कोणी विक्रेता "पूर्ण शांतता" म्हणत असेल तर त्याला हे विचारा.

वाड्यांची गंमत अशी की त्यांना हे १५० मिमी अंतर फुकट मिळतं. जुन्या नाशकातल्या भिंती दीड-दोन फूट जाड, खिडकी भिंतीच्या खोल खाचेत बसलेली, आतल्या बाजूला एवढी जागा की लोक तिथे तुळशीची कुंडी नाहीतर पाण्याचा तांब्या ठेवतात. त्याच जागेत आतल्या कडेला दुसरी फ्रेम आरामात बसते. उलट नवीन फ्लॅटमध्ये भिंतच सहा इंच, त्यात स्लायडिंगचा ट्रॅक अर्धी जागा खातो, तिथे १०० मिमी काढायचे म्हणजे फ्रेम खोलीत पुढे आणावी लागते आणि मग पडद्याचा रॉड, ग्रिल, सगळ्याची भानगड होते. वाड्यात अडचण एकच पण मोठी आहे. बाहेर गज असल्याने झडपा बऱ्याचदा आत उघडतात, म्हणजे नवी फ्रेम अशी हवी की ती आधी पूर्ण उघडेल आणि मग मागची झडप उघडता येईल. म्हणून इथे फिक्स काच किंवा स्लायडिंग नको, बिजागरीवर उघडणारी घ्या. नाहीतर चुंबकाच्या पट्टीवर चिकटणारी ॲक्रिलिकची शीट घ्या, तीच जाडी असेल तर काचेच्या निम्म्याहून कमी वजन, पाहिजे तेव्हा काढून ठेवता येते. पण ॲक्रिलिक हलकं म्हणजे आवाजाला कच्चं, आणि पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यावर ओरखडे पडतात हे गृहीत धरा.

बसवताना माप एकाच जागी घेऊन चालत नाही. वाड्याची चौकट काटकोनात असेल ही अपेक्षाच चुकीची, वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी रुंदी घ्यायची, मग दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे आले नाहीत तर फ्रेम आणि भिंतीच्या मधे लाकडाची पट्टी तासून बसवायची आणि कडेने सिलिकॉन मारायचं. फेसाची म्हणजे पीयू फोमची फवारणी करून मोकळे होतात काही लोक, आवाजाला ती फारशी उपयोगी नाही. दोन काचांच्या मधल्या भिंतीच्या कडांना, वर आणि दोन्ही बाजूंना, जाड फेल्ट किंवा ध्वनिशोषक पट्टी चिकटवली तर मधल्या पोकळीतला आवाज घुमत नाही, स्वस्तातलं काम आहे पण फॅब्रिकेटर स्वतःहून कधी सुचवत नाही.

या सगळ्याच्या आधी करायचं काम म्हणजे फटी. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी असेल तर बाकीची खिडकी कितीही भारी असो, एकूण २० डेसिबलच्या वर अडवणूक जात नाही, हे गणितच आहे. चार फूट बाय चार फूट खिडकीचा एक टक्का म्हणजे जेमतेम पाच इंच बाय साडेचार इंच, आणि जुन्या खिडकीच्या चारी बाजूंच्या फटी गोळा केल्या तर तेवढी जागा सहज भरते. वाऱ्याच्या रात्री उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा, धूर जिथे एकदम आडवा होतो तिथे फट. लाकडाच्या चिरा आणि काचेच्या कडेची निघालेली लांबी म्हणजे पुट्टी परत भरून घ्या, झडपांना रबराची पट्टी लावा, कडी नीट ओढून बसते का बघा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच काम भागतं आणि दुसरी काच लागतच नाही. वरती कौलं असतील किंवा पत्र्याखाली मोकळी जागा असेल तर आवाज तिथूनही येतो, मग खिडकीवर कितीही खर्च केला तरी तो वायाच.

उन्हाळ्याचं काय, हा प्रश्न येतोच. एप्रिल-मे मध्ये बाहेर ३९ आणि आत एसी लावून २६, तर त्या चार बाय चारच्या एकेरी काचेतून तापमानाच्या फरकाने येणारी उष्णता ११० वॉटच्या आसपास, दुसरी काच लावली की ५५. ऐकायला छान. पण तीच खिडकी पश्चिमेला असेल आणि संध्याकाळचं ऊन थेट पडत असेल तर उन्हाचेच सातशे वॉट आत येतात, म्हणजे खोलीत एक इस्त्री चालू ठेवल्यासारखं. दुसऱ्या साध्या काचेने त्यातले थोडेसेच कमी होतात. आणि एकदा आत आलेलं ऊन फरशीवर, भिंतीवर पडून उष्णतेच्या लांब लहरी बनतं, त्या काचेतून परत बाहेर जात नाहीत. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली हवी, छज्जा, बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, काहीही, पण काचेच्या बाहेर. आतला पडदा ऊन घरात आल्यावर त्याला अडवतो. जास्त खर्चाची तयारी असेल तर आतल्या काचेला लो-ई कोटिंग, म्हणजे उष्णतेची किरणं अडवणारा अगदी पातळ थर, घेता येतं, दोन काचांच्या मधे उष्णतेचा मोठा हिस्सा किरणांनी जातो आणि कोटिंग नेमका तोच कमी करतं. मात्र हार्ड कोटच मागा, म्हणजे काच बनतानाच तिच्यावर पक्का बसवलेला थर. चांदीचा सॉफ्ट कोट फक्त सीलबंद युनिटमध्ये टिकतो, उघड्यावर खराब होतो.

पावसाळ्यात वेगळी काळजी. मधल्या पोकळीत ओल अडकली की आतून काच धुरकट होते आणि लाकडाला बुरशी येते. नियम असा की आतली काच घट्ट आणि बाहेरची खिडकी किंचित श्वास घेणारी, म्हणजे खोलीतली दमट हवा मधे शिरत नाही आणि शिरलीच तर बाहेर निघून जाते. बाहेरच्या झडपेची वरची आणि खालची एक बारीक फट त्यासाठी मुद्दाम सोडतात. आवाजाला ती फट चालते का, तर आतली फ्रेम नीट सील असेल तर चालते, आणि आधी भरलेल्या बाकीच्या फटी भरलेल्याच राहू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये सलग झड लागली तर सागवानही फुगतं, तेव्हा उघडीप मिळाली की दोन्ही उघडून वारा लागू द्यायचा, आणि हे करता यावं म्हणूनच फ्रेम उघडणारी घ्यायची.

एका खोलीत मात्र यातलं काहीही करू नका, जिथे गॅस गीझर आहे ते बाथरूम. गॅस जळताना ऑक्सिजन संपतो आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. थंडी येते म्हणून तिथली जाळी कागदाने बुजवणारी घरं आहेत, त्यांना आधी ती मोकळी करायला सांगा आणि शक्य असेल तर गीझरच बाहेरच्या गॅलरीत काढा. स्वयंपाकघरातही खिडकी नाहीतर एक्झॉस्ट, दोन्हीपैकी एक तरी कायम चालू पाहिजे.