मानेतली जुनी उधारी

कॅन्सरच्या किरणोपचारांना आपल्याकडे सर्रास 'शेक' म्हणतात. 'तीस शेक झाले, आता पाचच उरलेत.' शब्द मायेचा आहे, वीट तापवून दुखऱ्या गुडघ्याला लावावी तसा. पण माझं त्याच्याशी जुनं भांडण आहे, कारण यात शेक असा नसतोच. गणित शाळेतलं आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला एकूण मात्रा साधारण 60 ते 70 ग्रे देतात, रोज 2 ग्रे, सहा-सात आठवडे. 1 ग्रे म्हणजे किलोमागे 1 ज्यूल ऊर्जा. शरीर बहुतांशी पाणी, आणि किलोभर पाणी 1 अंशाने तापवायला सुमारे 4,180 ज्यूल लागतात. म्हणजे सगळे 70 ग्रे एका दमात दिले तरी मान तापेल जेमतेम 0.017 अंशाने. चहाचा एक घोट याहून जास्त ऊब देतो.

मग एवढ्याशा ऊर्जेने गाठ मरते कशी? ही ऊर्जा उष्णतेसारखी सगळीकडे सारखी पसरत नाही, ती ठिकठिकाणी रेणू तोडत जाते. 1 ग्रेमागे एकेका पेशीच्या डीएनएचे दोन्ही धागे सुमारे 40 जागी तुटतात. पेशी त्यातले बहुतेक तुकडे काही तासांत सांधते. काही चुकीचे सांधले जातात, काही तसेच राहतात. गंमत पुढे आहे. अशा बऱ्याच जखमी पेशी लगेच मरत नाहीत. आपलं रोजचं काम मुकाट करत राहतात आणि विभाजनाची वेळ आली की अडकतात. वही फाटली आहे हे नक्कल करायला बसल्यावर कळावं, तसं.

त्यामुळे प्रत्येक अवयवाची वसुलीची तारीख वेगळी. तोंडाचं अस्तर दोनेक आठवड्यांत नवं होत असतं, म्हणून उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, वरणभातही गिळवत नाही. उपचार संपले की ते भरून येतं आणि घरच्यांना वाटतं, हिशेब मिटला. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर मात्र जेमतेम एका पेशीच्या जाडीचं, आणि फार सावकाश विभागणारं. तिथली उधारी वर्षानुवर्षं येत राहते.

कंठमण्याच्या बाजूला बोटं ठेवा (एका वेळी एकाच बाजूला, आणि हलकेच). ठोके लागतात ती कॅरोटिड धमनी. थोडी वर जाऊन ती दुभंगते. एक फाटा मेंदूकडे, दुसरा चेहऱ्याकडे. मानेतल्या ज्या गाठींवर किरणं सोडायची, त्या हिच्याच अंगाखांद्यावर बसलेल्या असतात, म्हणून तिला वगळून किरणं देणं बहुतेकदा जमत नाही.

या धमनीची भिंत जाड. आतून धो धो रक्त वाहत असलं तरी त्यातला प्राणवायू झिरपत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे फारसा जात नाही. म्हणून भिंतीच्या बाहेरच्या अंगाला केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. धमनीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या! विहीर काठोकाठ भरलेली असली तरी मळ्याला पाट काढावाच लागतो. या बारीक वाहिन्या म्हणजे जवळजवळ नुसतं अस्तरच, त्यामुळे किरणांचा मार त्यांना जास्त लागतो. त्या सुजतात, हळूहळू बुजतात. भिंतीतला स्नायू उपाशी पडतो, त्याची जागा चिवट तंतू घेतात आणि धमनी ताठ होते. तिकडे आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवू लागतं. तेच तर धमनीला सैल आणि गुळगुळीत ठेवत असतं. अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी अडकतात, मागोमाग कोलेस्टेरॉल येतं. या दाहामागे एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन असतं, ते दाहाची जनुकं जागी ठेवतं. 2010 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक सुरेख तुलना छापली. मानेची पुनर्रचना करताना शरीराच्या दुसऱ्या भागातला मांसाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट आणून जोडतात. त्यामुळे एकाच माणसाची किरणं लागलेली आणि न लागलेली, अशा दोन्ही धमन्या एकाच वेळी हाती येतात. किरणं लागलेल्या धमनीत हे प्रथिन वर्षं उलटली तरी जागंच होतं.

एरवी चरबीचा थर मुख्यतः फाट्यापाशी साचतो, कारण प्रवाह तिथे भोवरतो. किरणांनंतरचा अरुंदपणा लांबलचक असतो, किरणं पडली होती तेवढ्या पट्ट्यात, फाट्याच्या खालीही. नेदरलँड्समधल्या 2002 च्या अभ्यासात मानेला किरणोपचार झालेले, साठीच्या आतले 367 रुग्ण होते. त्या वयाच्या माणसांत एरवी 2.5 पक्षाघात अपेक्षित होते, झाले 14. उपचारापासून पक्षाघातापर्यंतचा मधला काळ जवळपास 11 वर्षं. आकडे लहान आहेत, पण आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर चाळिशीतच गाठतो. पंचेचाळिशीत त्यातून सुटलेला माणूस छप्पन्नाव्या वर्षी लकव्याने पडला, तर मानेवरच्या जुन्या किरणांची आठवण कोणाला होणार? अर्थात किरणं टाळली असती, तर ती अकरा वर्षं बहुधा मिळालीच नसती.

व्हॉट्सॲपवर आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरचा 'ब्लॉकेज उघडणारा' काढा फिरत असतो. तंतूंनी ताठलेली भिंत काढ्याने मऊ होत नाही. आणि 'शेक घेतलेल्या माणसाजवळ लहान मुलं नकोत' हा तर निव्वळ खुळचटपणा. बाहेरून किरणं देणारं यंत्र बंद झालं की अंगात काही उरत नाही.

करण्यासारखं आहे ते साधं. मानेची डॉप्लर सोनोग्राफी, तंबाखू कायमची बंद, साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब ताब्यात. रक्तदाबाचं जरा जपून, कारण तो मोजणारे मज्जातंतू फाट्यापाशीच असतात. तेही दुखावले असतील तर दाब क्षणात चढतो, क्षणात उतरतो. धमनी फारच अरुंद झाली तर घट्ट झालेल्या मानेत चाकू चालवणं अवघड, म्हणून पुष्कळदा स्टेंट बसवतात. तोही पुन्हा अरुंद होऊ शकतो.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. तिथल्या डॉक्टरांना मानेचे किरणोपचार झाल्याचं आपणहून सांगायचं. कोणतं वर्ष, कोणती बाजू, किती ग्रे, हे कॅन्सरच्या जुन्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्या कागदाची एक झेरॉक्स गोळ्यांच्या डब्यात ठेवा.