कचरा डेपोवरची काळी माती

पावसाळ्याच्या तोंडावर बंद पडलेल्या कचरा डेपोवर वृक्षारोपण झाल्याच्या बातम्या छायाचित्रांसह येऊ लागतात. माती पसरली, खड्डे खणले, रोपे लावली की डेपोचे उद्यान होते, असा समज त्यांतून रुजतो. मराठवाड्यात हा समज विशेष महाग पडेल, कारण येथे डेपो झाकण्यासाठी सर्वांत सहज मिळते ती काळी माती, आणि ती उन्हाळ्यात उलते, म्हणजे तिला भेगा पडतात.

डेपो बंद झाला तरी आतील कचरा कुजतच राहतो. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू त्यातून वायू तयार करतात. त्यात सुमारे निम्मा मिथेन आणि बाकी बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. वरून मुरलेले पावसाचे पाणी कचऱ्यातील क्षार आणि धातू विरघळवत खाली उतरते. आपल्याकडे खाली बेसाल्ट खडक आहे. त्याच्या फटींतून आणि झिजलेल्या थरांतून हे गढूळ, विषारी पाणी शिवारातील विहिरींपर्यंत पोहोचू शकते. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव कचरा डेपोच्या परिसरातील ग्रामस्थांनी तेव्हाच्या औरंगाबाद शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, त्यामागे वर्षानुवर्षे सोसलेला असाच त्रास होता.

म्हणून २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी अंतिम आच्छादनाची रचना ठरवून दिली: तळाशी ६० सेंटीमीटर चिकणमाती, तिच्यावर पाणी वाहून नेणारा १५ सेंटीमीटरचा थर आणि सर्वांत वर वनस्पतींसाठी ४५ सेंटीमीटर माती. चिकणमातीची पार्यता, म्हणजे तिच्यातून पाणी झिरपण्याचा वेग, सेकंदाला एक सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागाहून कमी असावी, अशी त्यांची अट होती. या वेगाने पाणी वर्षभरात जेमतेम तीन सेंटीमीटर उतरेल. ओली, नीट दाबलेली काळी माती ही कसोटी पार करू शकते. प्रश्न ती वाळल्यावर निर्माण होतो.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे कण वहीच्या पानांसारख्या अतिसूक्ष्म पत्र्यांचे बनलेले असतात. या पत्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यांच्यामध्ये बसलेले कॅल्शियम किंवा सोडियमचे धन आयन पाण्याच्या रेणूंना ओढून घेतात. कोरड्या अवस्थेत एका पत्र्यापासून पुढच्या पत्र्यापर्यंतचे अंतर सुमारे एक नॅनोमीटर असते. पाण्याचे दोन थर आत शिरले की ते सुमारे दीड नॅनोमीटर होते. असे अब्जावधी कण एकाच वेळी फुगतात, म्हणून पावसाळ्यात जमीन घट्ट मिटते, आणि वैशाखात तेच पाणी निघून गेले की ती आक्रसून फाटते. रान उलल्यावर भेगेत हात जातो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अरुंद, समांतर भिंतींच्या भेगेतून संथ वाहणारे पाणी भेगेच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एक मिलीमीटरची भेग दोन मिलीमीटर झाली तर, उतार तोच असताना, प्रवाह आठपट होतो. परिणामी वळवाची किंवा मृगाची पहिली जोरदार सर माती फुगून मिटण्याआधीच थेट कचऱ्यात उतरते. त्याच भेगांतून मिथेनही निसटतो. एरवी आच्छादनातील मिथेन खाणाऱ्या जिवाणूंनी त्यातला काही भाग वाटेतच संपवला असता.

त्यामुळे मराठवाड्यातील आराखड्याने आधी चिकणमाती वाळणार नाही याची तजवीज करावी. तिच्यावर जिओमेम्ब्रेन, म्हणजे जाड प्लास्टिकचा अखंड पडदा, अंथरावा आणि वरचा मातीचा थर नियमापेक्षा जाड ठेवावा. ही गोष्ट खर्चिक आहे, पण मला ती टाळण्यासारखी वाटत नाही. कचरा कुजताना पृष्ठभाग असमान खचतो, म्हणून पाणी साचू नये इतका उतारही आधीच द्यावा लागतो.

झाडांची घाई करू नये. मिथेन मुळांभोवतीचा ऑक्सिजन हटवतो आणि रोपे गुदमरतात. पाणी घालून ती वाचत नाहीत. खोल मुळे चिकणमातीचा थर भेदण्याची भीती असते ती वेगळीच. आधी मारवेल, पवन्या, कुसळीसारखी स्थानिक गवते धरू द्यावीत. एखादे जिवाणूंचे ‘कल्चर’ फवारले की डेपो निर्धोक होतो, असे सांगणाऱ्यांवर मुळीच विश्वास ठेवू नये. जड धातू कोणताही जिवाणू पचवून नाहीसे करत नाही, आणि डेपोतले प्लास्टिकही अशा फवारणीने नाहीसे होत नाही.

बंद केलेल्या डेपोची निगा किमान १५ वर्षे राखावी, असे २०१६ च्या याच नियमांनी सांगितले होते. आपल्या हवामानात त्या निगेचे सर्वांत महत्त्वाचे काम मे महिन्यात येते: पूर्ण माथा पायी फिरून प्रत्येक भेग नोंदवायची, खोलवर बुजवायची, खचलेली जागा भरून घ्यायची, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी पावसाआधी एकदा व पावसानंतर पुन्हा एकदा तपासायचे.