'द हॉर्सेस माउथ' : गली जिमसनची चित्रं नक्की कोणाची?

1958 चा 'द हॉर्सेस माउथ' हा इंग्रजी सिनेमा बघितला की पहिला प्रश्न हाच पडतो, की त्याचा चित्रकार नायक गली जिमसन याची चित्रं, म्हणजे भिंतीभर पसरलेले ते अगडबंब पाय, तो बायबलमधला मेलेला परत उठणारा लाझरस, हे सगळं काढलं कोणी? कारण सिनेमातल्या चित्रकाराची चित्रं बहुतेक वेळा सेटवाल्यांनी कशीबशी रंगवलेली असतात आणि ते लगेच कळतं. इथे तसं होत नाही, इथे चित्रं खरी आहेत.

मुळात ही जॉइस कॅरीची 1944 ची कादंबरी. नावावरून बाई वाटेल पण हा पुरुष, जन्म 1888, आयर्लंडमधल्या डेरीचा. तरुणपणी चित्रकार व्हायचं म्हणून एडिंबरा आणि पॅरिसला शिकला, पण आपण फार मोठे चित्रकार काही होणार नाही हे लक्षात आल्यावर ते सोडून ऑक्सफर्डला गेला, मग नायजेरियात सरकारी नोकरी केली आणि पहिली कादंबरी छापून आली तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. मला वाटतं गली जिमसन इतका जिवंत उतरलाय तो यामुळेच, रंग हातात घेतल्यावर काय होतं हे कॅरीला स्वतःला माहीत होतं. तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतली ही शेवटची, प्रत्येकीत वेगळं माणूस आपली बाजू सांगतं आणि इथे बोलतो स्वतः गली, ऊठसूट इंग्रज कवी विल्यम ब्लेकच्या ओळी म्हणत. शीर्षक आलंय घोड्यांच्या शर्यतीतल्या बोलीतून, म्हणजे टिप अगदी आतल्या गोटातून, थेट घोड्याच्याच तोंडून मिळालेली.

सिनेमाची पटकथा लिहिली खुद्द गलीचं काम करणाऱ्या अ‍ॅलेक गिनेसने. 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'चं ऑस्कर नुकतंच मिळालेलं, आणि हा माणूस घोगऱ्या आवाजाचा, मळक्या कोटातला, जेलमधून सुटल्या सुटल्या श्रीमंत म्हाताऱ्याला फोनवरून छळणारा अवलिया व्हायला निघाला! दिग्दर्शक रॉनल्ड नीम, त्याची आणि गिनेसची ओळख दिग्दर्शक डेव्हिड लीनच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'पासूनची, नीम त्या सिनेमाचा निर्माता होता. कोकर या दारूच्या गुत्त्यातल्या बाईचं काम करणारी के वॉल्शही त्याच गोतावळ्यातली, एकेकाळची लीनची बायको, आणि तिने यात काय कमाल केलीये. गलीच्या मागे मागे फिरणाऱ्या नोझी या पोराचं काम करणारा तरुण नट माइक मॉर्गन मात्र शूटिंग संपत आलं असताना मेनिंजायटिसने गेला, हे कळल्यावर त्याचे सीन पूर्वीसारखे बघवत नाहीत.

आता चित्रं. ती जॉन ब्रॅटबीची, तेव्हा जेमतेम तिशीचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये काही तरुण चित्रकार घरातलं साधं टेबल, त्यावरची डबडी, बाळांचे लंगोट, मोरी असलं रंगवायला लागले होते, 1954 मध्ये समीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टरने त्यांच्यावर 'द किचन सिंक' नावाचा लेख लिहिला आणि तेच नाव चिकटलं. ब्रॅटबी त्यातला सगळ्यात धसमुसळा, रंग ट्यूबमधून पिळून थेट कॅनव्हासवर, इतका जाड की चित्राला उंचसखल अंग येतं. 1956 च्या व्हेनिस बिनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, तो ब्रिटनकडून होता, आणि दोनच वर्षांनी त्याच व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये गिनेसला याच भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं. पुढे पटकथेसाठी ऑस्करचं नामांकनही आलं.

संगीत रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हच्या 'लेफ्टनंट किझे' या रचनेवरून घेतलंय, ते इतकं फिट बसलंय की आता ती धून ऐकली की मला गलीची चालच दिसते.

शेवट मात्र गिनेसने बदलला. कादंबरीत गली चित्र काढत असलेली भिंत पाडली जाते, गली कोसळतो आणि अँब्युलन्समध्ये संपते गोष्ट. सिनेमात तो स्वतःच बुलडोझर चालवून आपलं चित्र असलेली भिंत पाडतो आणि मग आपल्या बोटीत बसून थेम्स नदीवरून निघून जातो. कॅरीला हे काहीच बघायला मिळालं नाही, तो मार्च 1957 मध्येच वारला होता.