वेळ विकायची की डाव? गेमिंग कॅफे आणि व्हिडिओ गेम पार्लर यांतला फरक

भाच्यानं गाळ्यासाठी मालकाला फोन लावला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. "काका, व्हिडिओ गेमचं पार्लर टाकायचंय," एवढंच तो बोलला आणि पलीकडचा आवाज बदलला. "वर फॅमिली राहतात हो. पोलिसांचं लफडं नको आम्हाला." फोन बंद. भाचा माझ्याकडे बघत म्हणाला, "मामा, मी काय जुगाराचा अड्डा काढतोय का?"

त्याला काढायचा होता गेमिंग कॅफे. दहा कॉम्प्युटर, दोन प्लेस्टेशन, एसी, तासाला साठ रुपये. मालकाच्या डोळ्यांसमोर मात्र काचांना काळी फिल्म लावलेली, आत ओळीनं मशिनं मांडलेली खोली आली असणार. 'व्हिडिओ गेम पार्लरच्या नावाखाली जुगार' ही बातमी आपल्याकडे इतक्यांदा छापून येते की बिचाऱ्या मालकाला दोष देता येत नाही. माझ्याकडे हिशेब लिहून घ्यायला येणारी शिकलेली मंडळीही हे दोन धंदे एकच समजतात. दोन्हीकडे पोरं पडद्यासमोर बसतात, इथवर ते बरोबर आहे.

पण कॅफे वेळ विकतो आणि पार्लर डाव विकतं. मॉलमधला झगमगीत गेम झोनही धंद्याच्या दृष्टीनं पार्लरचाच श्रीमंत भाऊ. नाण्याच्या जागी स्वाइप कार्ड आलं, एवढंच.

नव्वदच्या दशकात एसटी स्टँडजवळ ज्यांनी 'मुस्तफा' खेळला त्यांना हे वेगळं सांगायला नको. (त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा खेळ. आपल्याकडे त्यातल्या एका पात्राचं नाव खेळालाच चिकटलं.) तो खेळ तुम्हाला मारण्यासाठीच बांधलेला असायचा. दोन मिनिटांत मरा, नाणं टाका, पुन्हा उभे राहा. एखादा पठ्ठ्या एका नाण्यात तासभर टिकला की गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. कॅफेत याच्या बरोबर उलटं. पोरं पाच-पाच जणांची टीम करून बसतात, एक सामनाच पाऊण तास चालतो, आणि खेळणारा जितका रमेल तितका मालक खूश.

आता आकडे, समजुतीपुरते. दहा कॉम्प्युटर, बारा तास, साठ रुपये दर. सगळ्या खुर्च्या सगळा वेळ भरल्या तर दिवसाचे ७,२०० रुपये. तसं कधीच होत नाही, कारण सकाळी गिऱ्हाईक कॉलेजात असतं. निम्मे तास भरले तर ३,६०० येतात, आणि यापेक्षा वर जायला जागा फार नाही. रिकामी गेलेली खुर्ची म्हणजे एसटीची रिकामी सीट. ती उद्या विकता येत नाही. ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर मॉनिटरसकट खेळताना ४०० वॉट ओढतो असं धरलं, तर दहा कॉम्प्युटरच्या मिळून भरलेल्या साठ तासांची २४ युनिटं झाली. एसीची वेगळी, आणि दर व्यापारी. वीज गेली तर? ज्याची चाळीस मिनिटं बाकी आहेत तो काउंटरवर येऊन उभा राहतो. म्हणून इन्व्हर्टरचा खर्च पहिल्याच दिवशी धरायचा.

पार्लरकडे वळा. रेसिंगचं एक मशीन, तीन मिनिटांचा डाव, साठ रुपये. रविवारी संध्याकाळी रांग लागली तर ते एकटं मशीन तासाला १,२०० रुपये देतं, म्हणजे कॅफेच्या वीस खुर्च्यांइतके. मंगळवारी दुपारी तेच मशीन रिकाम्या हॉलमध्ये आपलंच संगीत वाजवत बसतं. म्हणून पार्लरला येणारी-जाणारी गर्दी लागते, म्हणजे मॉल, थिएटर, जत्रा, आणि त्या जागेचं भाडं. कॅफेला कॉलेजपासून चालत जाता येईल असा पहिल्या मजल्यावरचा गाळाही पुरतो. पोरं जिना चढून येतात. पार्लरची मशिनं महाग, बिघडली की सुट्या भागांसाठी पुरवठादाराची वाट बघा. कॅफेतला हेडफोन गेला तर पोरगं दुसऱ्या खुर्चीवर सरकतं.

इथवर सगळ्यांना कळतं. घोटाळा होतो कागदांवर.

दुकानाची नोंदणी, म्हणजे गुमास्ता, दोघांनाही लागते. २०१७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात कामगार मोजकेच असतील तर ऑनलाइन सूचना देऊन काम भागतं. जीएसटीची नोंदणी सेवा व्यवसायाला साधारणपणे वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीनंतर. पुढे मात्र वाटा फुटतात.

कॅफेत इंटरनेट आहे आणि ते पैसे घेऊन लोकांना वापरायला दिलं जातं, म्हणजे कायद्याच्या लेखी तो सायबर कॅफेही आहे. हे बहुतेकांच्या गावीही नसतं. केंद्राचे २०११ चे सायबर कॅफे नियम लागू होतात: येणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, कोण कधी कुठल्या कॉम्प्युटरवर बसला याची नोंद ठेवायची, ती वर्षभर जपायची. ओळखपत्र नसलेलं अल्पवयीन पोर मोठ्या माणसाशिवाय बसवायचं नाही. आणि केबिन केल्या तर पार्टिशन जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नको. भाच्याच्या सुतारानं पाच फुटांची प्लायवूडची पार्टिशनं उभी करून सनमायका लावून टाकला होता. टेप लावली, कपाळाला हात लावला, आणि वरून सहा इंच करवतीनं उतरवून घेतले. कड अजून खडबडीत आहे.

पार्लर येतं महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली, सार्वजनिक करमणुकीची जागा म्हणून. परवाना आयुक्तालय असेल तिथं पोलीस आयुक्तांकडून, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून. कॅफेवाल्यांनीही यातून सुटलो असं समजू नये. पैसे घेऊन लोकांना आत सोडायचं आणि आत खेळ असायचा, एवढ्यावर ती व्याख्या लागू होऊ शकते. परवाना शाखेत लेखी विचारून उत्तर फाइलला लावावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

पार्लरमागे पोलीस का लागतात, याचं कारण १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात आहे. निव्वळ कौशल्याचा खेळ त्यातून वगळलाय. पण मशीन कौशल्याचं आहे हे ठरवणार कोण? १९९५ मध्ये एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं व्हिडिओ गेम पार्लरांना परवान्याचं बंधन घालणं वैध ठरवलं. त्यातला एक मुद्दा मला फार पटतो: मशीनमध्ये फेरफार करून खेळणाऱ्याच्या कौशल्याला अर्थच उरू नये अशी सोय करता येते. कॅफेत बसलेला मुलगा हरला तर समोरच्या मुलाशी हरतो, मालकाच्या मशीनशी नाही. त्याला परत काही मिळतही नाही. मात्र २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केलेत. आपल्या कॉम्प्युटरवर बसून कुणी ते खेळत नाही ना, याकडे लक्ष हवं.

कॅफेची खरी दुखरी नस दुसरीच. पार्लरवाला मशीन विकत घेतो, ते धंद्यासाठीच बनलेलं असतं. प्लेस्टेशनच्या खेळाचा परवाना खासगी, बिगर-व्यावसायिक वापराचा असतो. गल्लोगल्ली तासावर प्लेस्टेशन चालतात म्हणून ते नियमात बसतं असं नाही. कॉम्प्युटरसाठी निदान वाल्व कंपनीच्या 'स्टीम' या ऑनलाइन गेमच्या दुकानाचा पीसी कॅफे कार्यक्रम आहे, व्यावसायिक परवान्यासह. मी भाच्याला प्लेस्टेशन सोडून दे म्हटलं. त्यानं अर्धं ऐकलं, एकच ठेवलं.

आग दोघांनाही सारखीच. २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये वेल्डिंगचं काम चालू असताना आग लागली आणि २७ माणसं गेली. अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र तिथं नव्हतं. आपल्याकडे २००६ च्या आग-प्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरून घ्यायचा असतो. पहिल्या मजल्यावरच्या गाळ्याला दुसरा जिना आहे का, हे भाडं ठरवायच्या आधी बघा.

गाळा शेवटी मिळाला, दुसऱ्या मालकाकडून. या वेळी भाचा 'कम्प्युटर गेमिंग' म्हणाला. उघडून महिना झाला आणि एक विक्रेता आला. दारात क्लॉ मशीन ठेवू, चिमट्यानं टेडी उचलायचं, पैसे निम्मे-निम्मे. "मामा, ठेवायचं का?" मी विचारलं, त्या चिमट्याची पकड किती घट्ट ठेवायची ते कोण ठरवतं? विक्रेता हसून म्हणाला, "सेटिंग असतं ना साहेब, आपल्या हातात."

त्या जागी सध्या पाण्याचा जार आहे.