प्लेसमेंट टेस्ट

प्लेसमेंट टेस्ट (स्तरनिश्चिती चाचणी) : महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याने गणित व इंग्रजीच्या कोणत्या वर्गापासून सुरुवात करावी, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत, विशेषतः तेथील दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत, घेतली जाणारी चाचणी. आपल्याकडे ‘प्लेसमेंट’ म्हटले की नोकरीच आठवते. तिचा येथे संबंध नाही. सीईटीसारखी ही प्रवेश परीक्षाही नव्हे. उलट, कम्युनिटी कॉलेजचे दार बहुतेकांना उघडे असते, म्हणूनच आत आलेल्यांची तयारी जोखावी लागते.

कॉलेज बोर्ड या अमेरिकी परीक्षा-संस्थेची ‘अ‍ॅक्युप्लेसर’ ही यातील सर्वपरिचित चाचणी. ती संगणकावर होते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड, चुकले की सोपा. बहुपर्यायी भागांना वेळेचे बंधन नसते आणि गुण 200 ते 300 यांच्या दरम्यान मिळतात. टेक्सास राज्यात ‘टीएसआयए 2’ ही चाचणी चालते. तिच्यात गणिताला 950 गुण पडले की विद्यार्थी ‘कॉलेज रेडी’, म्हणजे पदवीच्या वर्गासाठी तयार, ठरतो. एसएटी किंवा एसीटी या अमेरिकेतील प्रवेश परीक्षांत पुरेसे गुण असलेल्यांना तिच्यातून सूट आहे.

या चाचणीत कोणी नापास होत नाही, असे सांगतात. कागदावर ते खरेच आहे. मात्र गुण कमी पडले की उपचारात्मक, म्हणजे शाळेतील कच्चा भाग पक्का करून घेणारा, वर्ग वाट्याला येतो. त्याची फी भरावी लागते, पण पदवीसाठीचे श्रेयांक (क्रेडिट) मिळत नाहीत. असे दोन-तीन वर्ग ओळीने आले, तर मूळ विषयाला पोहोचण्याआधीच अनेक जण कॉलेज सोडून देतात. शाळा सोडून दहा वर्षे झालेला माणूस अपूर्णांकांची उजळणी न करता बसला, तर चाचणी त्याची समज मोजते की विस्मरण, हा प्रश्न उरतोच.

2012 मध्ये शिक्षण-संशोधक ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या अभ्यासात गणितातील सुमारे एक चतुर्थांश आणि इंग्रजीतील एक तृतीयांश परीक्षार्थी ठळकपणे चुकीच्या वर्गात पडल्याचे दिसले. त्यापेक्षा शाळेतील गुणांवरून अंदाज बरा बांधता येत होता. एसीटी परीक्षा घेणाऱ्या त्याच नावाच्या संस्थेने आपली ‘कंपास’ ही प्लेसमेंट टेस्ट 2016 मध्ये बंद केली. फ्लोरिडाने 2013 च्या कायद्याने शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या बहुतेकांना प्लेसमेंट टेस्ट ऐच्छिक केली. कॅलिफोर्नियाने 2017 च्या एबी 705 कायद्याने शालेय गुणांना प्राधान्य दिले. आता अनेक ठिकाणी कमी गुणांच्या विद्यार्थ्यालाही थेट पदवीच्या वर्गात बसवतात आणि त्याच सत्रात जोडीला जादा तास देतात.