वाणिज्य पदवीचे पहिले वर्ष : बेळगाव सीमाभाग

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि लगतच्या मराठी भाषक पट्ट्यात बी.कॉम. पदवीच्या पहिल्या दोन सत्रांत शिकवला जाणारा व्यापार-व्यवहाराचा पायाभूत अभ्यासक्रम. वित्तीय लेखाकर्म, व्यवस्थापनाची तत्त्वे आणि विपणन हे त्याचे नेहमीचे घटक असून त्यांच्या जोडीला दोन भाषाविषय येतात. विषय देशभर जवळपास सारखेच आहेत. सीमाभागातला फरक असा, की येथला विद्यार्थी एकच हिशेब तीन बोलींत ऐकतो : घरच्या दुकानात जमा-नावे, वर्गात डेबिट-क्रेडिट आणि सरकारी कचेरीत कन्नड. पहिल्या वर्षात मागे पडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे गणित चांगले असते, त्यांना अडवतात ती नावे.

विद्यापीठ आणि धोरण. बेळगाव जिल्ह्यातील पदवी महाविद्यालये २०१० पर्यंत धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न होती. त्या वर्षी राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले आणि ती त्याच्याकडे आली. वाणिज्य शाखेसाठी शहरात गोगटे वाणिज्य महाविद्यालय, राणी पार्वती देवी महाविद्यालय, भाऊराव काकतकर महाविद्यालय, लिंगराज महाविद्यालय ही परिचित नावे. निपाणीची गोष्ट निराळी आहे. गावाला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात मोडते, म्हणून ते शिवाजी विद्यापीठाचे. एकाच गल्लीतली दोन मुले दोन राज्यांचे दोन अभ्यासक्रम शिकतात ती यामुळे.

अभ्यासक्रमाचा सांगाडा अलीकडे दोनदा बदलला. २०२१-२२ पासून कर्नाटकाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या ऑनर्सची सोय असलेली रचना आणली. २०२४-२५ पासून राज्याने ती मागे घेऊन तीन वर्षांची पदवी पुन्हा सुरू केली. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की थोरल्या भावंडाच्या वह्या, जुन्या प्रश्नपत्रिका आणि वापरलेली पुस्तके जशीच्या तशी चालत नाहीत. पुस्तक घेण्याआधी ते कोणत्या वर्षीच्या रचनेचे आहे हे मुखपृष्ठावर पाहावे. लेखी परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापन यांतली गुणांची वाटणीही बदललेली असते.

प्रवेश. दोन वर्षांची पीयूसी (कर्नाटकातील अकरावी-बारावी) किंवा तिच्याशी समकक्ष परीक्षा उत्तीर्ण असणे ही मूळ अट. पीयूसीला वाणिज्य घेतलेली मुले बहुधा ‘सेबा’ किंवा ‘हेबा’तून येतात. संख्याशास्त्र वा इतिहास, त्यासोबत अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन आणि अकौंटन्सी अशा विषयगटांची ही आद्याक्षरे. अर्ज यूयूसीएमएस या राज्यव्यापी संगणकीय प्रणालीवर भरायचा, त्यानंतर महाविद्यालयात मूळ कागद दाखवायचे : दहावी आणि पीयूसीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, छायाचित्रे, आणि सवलत हवी असल्यास जात व उत्पन्नाचा दाखला. नाडकचेरी या महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून मिळणाऱ्या या दाखल्यावरचा आरडी क्रमांक जपून ठेवावा. राज्य शिष्यवृत्तीच्या अर्जात तोच विचारतात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असली की अर्ज तिथेच अडतो.

महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यातील गावांना बेळगाव जवळचे, म्हणून तिकडून बारावी करून येणारी मुले दरवर्षी असतात. त्यांना महाराष्ट्र मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पात्रता मंजुरी लागते. स्थलांतर प्रमाणपत्र जूनमध्येच मागवावे, नंतर धावाधाव होते. दुसरी अडचण नावाच्या क्रमाची. महाराष्ट्राच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, आधारवर ते बहुतेक वेळा शेवटी असते. प्रणालीत एक क्रम आणि कागदावर दुसरा अशी नोंद झाली, तर दुरुस्तीची वेळ पुढे पदवी प्रमाणपत्राच्या वेळी येते. महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्यावर कर्नाटकातील आरक्षणाचा लाभ मिळत नाही, हेही आधीच समजून घेतलेले बरे.

लेखाकर्म. पहिल्या सत्राचे खरे ओझे येथे आहे. महाराष्ट्रात बारावीला मराठी माध्यमातून पुस्तपालन केलेल्या मुलाला रोजकीर्द, खतावणी, तेरीज, व्यापार खाते, नफा-तोटा खाते, ताळेबंद हे शब्द येतात, मात्र बेळगावच्या वर्गात शिकवणे आणि प्रश्नपत्रिका प्रामुख्याने इंग्रजीत. त्याने पहिल्या पंधरवड्यात वहीच्या मागच्या पानावर चाळीस-पन्नास शब्दांची जोडयादी करावी : जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, क्रेडिटर म्हणजे धनको. शिक्षक समजावताना मराठीत बोलले, तरी उत्तरपत्रिकेत इंग्रजी शीर्षकेच लिहायची सवय आरंभापासून हवी.

दुकानदाराच्या घरातून आलेल्याची अडचण वेगळी आणि जास्त मजेशीर. देशी नामापद्धतीच्या रोकडवहीत डावी बाजू जमेची, उजवी नावेची. आलेला पैसा डावीकडे ‘जमा’ म्हणून पडतो. वर्गातल्या रोकडपुस्तकातही आलेला पैसा डावीकडेच लिहितात, पण त्या बाजूला म्हणतात डेबिट, म्हणजे नावे. पैसा त्याच जागी बसतो आणि नाव उलटे होते. कारण असे की देशी वहीत पैसा देणाऱ्याचे खाते जमा केले जाते, तर वर्गात रोकड हेच एक खाते मानून ते काय मिळवते हे पाहिले जाते. बँकेच्या पासबुकानेही हाच घोळ होतो. आपण भरलेले पैसे बँक जमेत दाखवते, कारण तिच्या वहीत आपण धनको असतो. आपल्या वहीत तीच रक्कम बँकेच्या खात्याला नावे पडते. हे ज्याला उमगले, त्याला पुढे बँक ताळमेळ पत्रक (बँकेची वही आणि आपली वही यांतला फरक जुळवणारे पत्रक) पाठ करावे लागत नाही.

अपेक्षित क्रम एका लहान उदाहरणात पाहता येतो. बेळगावच्या शहापुरातील एका साडी दुकानदाराने २,००,००० रुपये रोख घालून धंदा सुरू केला. ६०,००० रुपयांचा माल विणकराकडून उधारीवर घेतला, त्यातला ४०,००० रुपये खरेदीचा माल ५२,००० रुपयांना रोखीने विकला, ८,००० रुपये भाडे दिले. कर बाजूला ठेवू. तेरजेत, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांच्या यादीत, नावे बाजूला रोख २,४४,०००, खरेदी ६०,०००, भाडे ८,०००. जमा बाजूला भांडवल २,००,०००, धनको ६०,०००, विक्री ५२,०००. दोन्हीकडे बेरीज ३,१२,००० येते. अखेरचा शिल्लक माल २०,००० रुपयांचा. तो तेरजेत नाही, म्हणून त्याची नोंद दोनदा होते : व्यापार खात्याच्या जमा बाजूला आणि ताळेबंदाच्या मालमत्तेत. ढोबळ नफा १२,०००, निव्वळ नफा ४,०००. ताळेबंद २,६४,००० वर जुळतो.

पहिल्या घटक चाचणीत सर्वाधिक गुण जातात ते ‘दोनदा’ या शब्दापाशी. माल फक्त व्यापार खात्यात लिहिला आणि ताळेबंदात विसरला, तर फरक बरोबर २०,००० चा येतो. प्रश्नाखाली दिलेल्या प्रत्येक समायोजनेला, मग ते देणे राहिलेले भाडे असो, घसारा असो वा बुडीत कर्ज, हाच नियम लागतो. त्यामुळे प्रत्येक समायोजनेसमोर पेन्सिलने दोन खुणा करायची पद्धत चांगली : पहिली नोंद झाली की एक खूण, दुसरी झाली की दुसरी.

तेरीज जुळली नाही तर सगळे खोडून पुन्हा सुरुवात करू नये. आधी फरक काढावा. फरकाला दोनने भाग देऊन येणारी रक्कम यादीत असेल, तर ती चुकीच्या बाजूला गेलेली असण्याचा संभव. वरच्या उदाहरणात ८,००० चे भाडे जमेला टाकले की फरक १६,००० चा पडतो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल शोधावी. ५४,००० ऐवजी ४५,००० लिहिले की ९,००० चा फरक येतो. मात्र जुळलेली तेरीज म्हणजे बिनचूक हिशेब नव्हे. पूर्ण व्यवहारच राहून गेला, किंवा यंत्राची खरेदी मालाच्या खरेदीत टाकली, तर बेरजा निमूटपणे जुळतात.

परीक्षकाला उत्तराइतकीच मांडणी हवी असते. प्रत्येक रोजकीर्द नोंदीखाली स्पष्टीकरणाची ओळ, खात्याच्या डोक्यावर व्यापाऱ्याचे नाव आणि कालावधी, ताळेबंदावर मात्र कालावधी नव्हे तर तारीख. आकडेमोडीची टिपणे उत्तराखाली लिहावीत. शेवटचा आकडा चुकला तरी टिपणातल्या बरोबर पायऱ्यांचे गुण मिळू शकतात, आणि टिपण नसले तर परीक्षकाला चूक कुठे झाली हेच दिसत नाही.

२०२१ च्या रचनेत लेखाकर्माच्या पहिल्या भागात कन्साइनमेंट आणि रॉयल्टीची खातीही होती. कन्साइनमेंट या भागातल्या मुलाला परके वाटू नये, आडतीवर माल धाडण्याचाच तो प्रकार आहे. माल आडत्याकडे गेला तरी विकला जाईपर्यंत मालकी धाडणाऱ्याची. समजा, काजूचे १०० डबे, प्रत्येकी ७,००० रुपयांचे, मुंबईला धाडले, वाहतूक ५,००० रुपये, आणि ८० डबे विकले गेले. उरलेल्या २० डब्यांची किंमत १,४०,००० अधिक वाहतुकीचा पाचवा हिस्सा १,०००, म्हणजे १,४१,०००. आडत्याच्या गोदामाचे भाडे आणि विक्रीचा खर्च यात धरत नाहीत, कारण तो माल ठिकाणी पोहोचल्यानंतरचा. चूक होते ती येथेच.

व्यवस्थापन आणि विपणन. हे विषय सोपे समजून शेवटच्या आठवड्यावर टाकले जातात. टेलर आणि फेयॉल हे व्यवस्थापनाचे आद्य विचारवंत, त्यांतल्या फेयॉलची चौदा तत्त्वे, नियोजनापासून नियंत्रणापर्यंतची कार्ये, विपणनातले उत्पादन, किंमत, वितरण आणि प्रसार हे चार घटक, असा मजकूर पाठांतराला सरळ आहे. गुणांत फरक पडतो उदाहरणाने. ‘आदेशाची एकता’, म्हणजे एका कामगाराला एकाच वरिष्ठाचा हुकूम, हे तत्त्व लिहिताना बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत एकाच कामगाराला सुपरवायझर आणि मालक वेगवेगळे हुकूम देतात तेव्हा काय होते, हे दोन ओळींत लिहिणारा उठून दिसतो. वितरणासाठी निपाणीची तंबाखू किंवा बेळगावचा कुंदा घ्यावा. कुंदा लवकर खराब होतो, त्यामुळे वितरणाची साखळी आखूड ठेवावी लागते, आणि टिकाऊ मालाची लांब चालते.

वस्तू व सेवा कर पुढच्या सत्रांत येतो, तरी सीमाभागातला धंदा समजायला त्याची तोंडओळख पहिल्याच वर्षी हवी. बेळगावातून विजापूरला, सुमारे दोनशे किलोमीटरवर, माल विकला तर केंद्र आणि राज्य असे दोन्ही कर निम्मे-निम्मे लागतात. बेळगावजवळचे शिनोळी मात्र चंदगड तालुक्यात आहे. तिथे विकलेल्या मालावर आंतरराज्य विक्री म्हणून एकात्मिक कर लागतो. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली तर माल वाहताना सोबत ठेवायचे ई-वे बिल मात्र दोन्हीकडे लागते. करासाठी अंतर किती याला अर्थ नाही, राज्याची हद्द कुठे हे महत्त्वाचे.

अंतर्गत गुण आणि हजेरी. चाचण्या, गृहपाठ, सेमिनार आणि कौशल्य-विकासाची वही यांवर अंतर्गत गुण ठरतात. या वहीत बँकेचे भरलेले चलन, धनादेशाचा नमुना, एखाद्या दुकानाने ठेवलेल्या वह्यांची यादी, पतसंस्थेच्या अहवालातला ताळेबंद असे काम येते. सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्था गल्लोगल्ली असल्याने छापील वार्षिक अहवाल सहज मिळतो. इंटरनेटवरून उतरवलेला नमुना शिक्षकाच्या लगेच लक्षात येतो, कारण वर्गातल्या वीस वह्यांत तोच असतो.

प्रत्येक विषयात ७५ टक्के हजेरी लागते. सगळ्या विषयांची सरासरी धरत नाहीत. आठवड्याला चार तास आणि सोळा आठवडे म्हणजे ६४ तास, त्यातले ४८ भरायचे. सुटीला उरतात १६, म्हणजे चार आठवडे. ते कसे सरतात ते खानापूरच्या मुलाला विचारावे : पहिले सत्र भर पावसात, त्यात भाताची रोपलावणी, मग गणपती, शेवटी सुगी. सकाळची एकच बस असलेल्या गावातल्या मुलाचा पहिला तास तर रोजच जातो आणि तो बहुधा एकाच विषयाचा असतो. अशाने महिनाअखेरीस विषयवार हजेरी पाहून घ्यावी. राज्याच्या शक्ती योजनेमुळे २०२३ पासून कर्नाटकातील मुलींचा बसप्रवास मोफत झाला. चंदगडच्या मुलींकडे कर्नाटकातल्या पत्त्याचे ओळखपत्र नसल्याने त्यांना पासच काढावा लागतो.

भाषाविषय. दोन भाषांत मराठी घेता येते. मात्र महाविद्यालयात मराठीचा शिक्षक आणि वर्ग आहे का, हे प्रवेशापूर्वी विचारावे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने पदवीला कन्नड सक्तीची केली होती, त्यावर कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सक्ती करू नये असा अंतरिम आदेश दिला. सक्तीचा वाद वेगळा आणि गरज वेगळी. कर सल्लागाराकडे किंवा पतसंस्थेत काम करायचे तर कन्नड नोटीस वाचता येणे उपयोगाचेच, आणि नवशिक्यांसाठीचा व्यावहारिक कन्नडचा पर्याय त्यासाठी वाईट नाही.

बी.बी.ए. (व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी) हा शेजारचा पर्याय. त्यात लेखाकर्म कमी, व्यवस्थापन आणि सादरीकरण अधिक, शुल्कही बहुधा जास्त. महाराष्ट्रात २०२४ पासून बी.बी.ए.साठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. कोल्हापूरला जाऊ इच्छिणाऱ्या बेळगावच्या विद्यार्थ्याने तिचा अर्ज पीयूसीच्या निकालाची वाट न पाहता भरायचा असतो. बी.कॉम.ला अशी परीक्षा नाही.